बकेटमधला पसारा काढायचाय: लाइफसायकल, सीएलआय की आरक्लोन?

एस-थ्रीमधून (अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरची फाइलींची साठवण, तिच्यातला एकेक साठा म्हणजे ‘बकेट’) एक फाइल उडवायला काहीच लागत नाही. सहा लाख फाइलींतून नेमक्या चार लाख काढायच्या आणि उरलेल्यांना धक्का लावायचा नाही म्हटलं, की एंटरवरचं बोट थबकतं. व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवायची सोय) चालू नसेल तर गेलेली फाइल गेलीच.

माझ्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओची बकेट आहे, मुंबई रीजनमधली. दर लग्नाचा एक फोल्डर. त्यात कॅमेऱ्यातले मूळ फोटो, आणि त्यांच्याच शेजारी वेबसाइटसाठी बनवलेल्या छोट्या प्रती, नावाच्या शेवटी ‘_प्रीव्ह्यू.जेपीजी’ असलेल्या. दोन वर्षं उलटली की त्या प्रतींकडे सहसा कोणी फिरकत नाही. तेवढ्याच काढायच्या होत्या.

लाइफसायकल रूल, म्हणजे ठरलेल्या वयाच्या फाइली आपोआप काढणारा एस-थ्रीचाच नियम, खरं तर सगळ्यात निवांत. रोज यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला फिरतो, फाइली काढण्याचे वेगळे पैसे घेत नाही, तुमचा लॅपटॉप चालू आहे की बंद याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण तो फाइल ओळखतो ती प्रीफिक्स (फोल्डरसकट नावाची सुरुवात), टॅग (फाइलीला लावलेली चिठ्ठी) आणि आकारावरून. नावाचं शेपूट त्याला दिसत नाही, आणि माझा सगळा मामला शेपटाचाच होता. चार लाख फाइलींना टॅग लावत बसायचं तर तितक्या विनंत्या, आणि त्यांचे पैसे पडतात. शिवाय ‘काय जाणार ते आधी दाखव’ असं त्याला विचारायची सोय नाही. प्रीफिक्सही जपून द्यावा लागतो. ‘लॉग’ लिहून शेवटचा स्लॅश विसरलात, तर ‘लॉगआउट-पेज’ नावाचा फोल्डरही त्याच खेपेत जातो. तुमचा पसारा फोल्डरवार आणि वयावर ठरत असेल तर मात्र पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, रूल लावा आणि मोकळे व्हा.

माझं अडलं ते सीएलआयपाशी, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनापाशी. एडब्ल्यूएसचं स्वतःचं हत्यार, आधीपासून बसवलेलं, हाताला सवय असलेलं. ‘आरएम’ (काढ), ‘रिकर्सिव्ह’ (आतल्या सगळ्यासकट), पुढे ‘ड्रायरन’ (खरं न काढता फक्त यादी दाखव) आणि इन्क्लूडमध्ये ‘*_प्रीव्ह्यू.जेपीजी’, एवढं लिहून एंटर दाबलं. पडद्यावर ‘डिलीट’च्या ओळी सरसर उतरू लागल्या, आणि पहिल्याच ओळीत सीआर-टू फाइल. कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो. खाली बघतो तर सगळंच यादीत.

चूक माझीच होती. सीएलआयच्या लेखी सुरुवातीला सगळं आत घेतलेलंच असतं, त्यामुळे एकट्या इन्क्लूडने काहीच फरक पडत नाही. फक्त प्रीव्ह्यू हवे असतील तर आधी एक्स्क्लूडमध्ये ‘*’ देऊन सगळं बाहेर काढायचं, मग इन्क्लूड, आणि तेही ह्याच क्रमाने. उलट लिहिलं तर एकही फाइल जात नाही. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट छापलंय, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण रात्री अकराला, ड्रायरन न लिहिता, हीच ओळ माझ्या हातून गेली असती तर? लोकांची लग्नं परत कशी लावणार?

आरक्लोन या दुसऱ्या, एडब्ल्यूएसबाहेरच्या साधनात हाच इन्क्लूड शब्द बरोब्बर उलटा चालतो. एकदा इन्क्लूड दिलं की उरलेलं सगळं आपोआप बाहेर. वाचताना जे वाटतं तेच होतं. आणखी एक सोय मला फार उपयोगी पडली. त्याचा कुठलाही पर्याय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (टर्मिनलमध्ये आधीच ठरवून ठेवलेल्या किमतीतून) देता येतो, म्हणून माझ्या बॅशच्या फाइलीत ‘आरक्लोन_ड्राय_रन’ कायमचं ‘ट्रू’ आहे. खरंच काढायचं असेल तेव्हा ‘ड्राय-रन=फॉल्स’ हाताने लिहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात माणूस एकदा विचार करतोच. वर ‘मॅक्स-डिलीट’ने आकडा बांधून देता येतो. तो ओलांडला की काम थांबतं.

आरक्लोन निर्दोष आहे असं नाही. ‘मिन-एज दोन वर्षं’ म्हटलं तर वय मोजतो ते फाइलीच्या मूळ तारखेवरून, बकेटमध्ये कधी चढवली त्यावरून नाही. हार्डडिस्कवरून गेल्याच महिन्यात आरक्लोनने चढवलेला २०१९चा एक फोल्डर ड्राय-रनमध्ये ‘जुना’ म्हणून दिसला. त्यावर ‘यूज-सर्व्हर-मॉडटाइम’ हा इलाज आहे, फक्त तो माहीत हवा. वेगाचं म्हणाल तर सीएलआय आणि आरक्लोन दोघेही फाइली एकेक करून काढतात, तर एसफाइव्हसीएमडी नावाचा आणखी एक प्रोग्राम एका विनंतीत १००० पर्यंत बांधून पाठवतो. फाइली कोटीच्या घरात असतील तर तोच बघा. माझ्या चार लाखांना रात्रभर चालू ठेवलेलं पुरलं, आणि सीएलआयला वयाची चाळणीच नसल्याने तिकडे तारखांसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागली असती, ती वाचली.

हत्यार कुठलंही घ्या, आधी व्हर्जनिंग चालू करा आणि त्या कामाच्या किल्लीला (ज्या अ‍ॅक्सेस कीने हत्यार बकेटमध्ये शिरतं तिला) ‘डिलीटऑब्जेक्ट’ची परवानगी द्या, ‘डिलीटऑब्जेक्टव्हर्जन’ची देऊ नका. मग काढलेल्या फाइलीवर नुसता डिलीट मार्कर (‘काढली’ अशी खूण) बसतो, आतली प्रत तशीच राहते. बिल लगेच उतरणार नाही, हेही लक्षात ठेवा, कारण त्या प्रतींचं भाडं चालूच असतं. त्या लाइफसायकलने काढायच्या. जुनी व्हर्जन ३० दिवसांनी जावीत असा रूल मी लावलाय. तेवढ्यापुरता तो उत्तम.

मागच्या खेपेला ह्याच ३० दिवसांत स्टुडिओवाल्याचा फोन आला. एका लग्नाची लिंक नवरीची आत्या अजून पाहुण्यांना पाठवत होती आणि पान रिकामं येत होतं. मालकाच्या किल्लीने त्या फोल्डरवरचे मार्कर काढले, आणि फोटो जागच्या जागी परत.