क्लाउड ‘साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध, 21,058 रुपये गेले

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही गाड्यांच्या हिशेबाचं ॲप काढलं होतं. चाललं नाही, बंद केलं. सर्व्हर, डेटाबेस मात्र क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या संगणकांवर, तसेच पडून. ते खातं साफ करायला जळगावच्या एका ‘क्लाउड एक्स्पर्ट’ला 8,500 रुपये दिले. आगाऊ, यूपीआयनं. आगाऊ देऊ नका भो!

त्यानं व्हिडिओ कॉलवर खात्यातलं सगळं काढून टाकणारं टूल चालवलं. काळ्या स्क्रीनवर ओळीच ओळी सरसर वर गेल्या. “भाऊ, सगळं साफ. आता एक रुपया लागणार नाही.” आणि इथंच ते घडलं. शेवटच्या ओळीत चक्क लिहिलेलं होतं की ही नुसती रंगीत तालीम आहे, खरंच काढायचं असेल तर वेगळा पर्याय देऊन पुन्हा चालवा. ती ओळ क्षणभर दिसली आणि पठ्ठ्यानं खिडकी बंद केली. कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पाहिलं की अंगाचा तिळपापड होतो. लोक म्हणतात, तुम्ही इंजिनिअर ना? अहो, मी मेकॅनिकलचा! ते वाचून कळलं असतं तर 8,500 मोजले असते कशाला? डॉक्टर एक्स-रे दाखवतो तेव्हा आपण मान डोलावतोच की.

पुढच्या महिन्यात क्लाउडच्या बिलापोटी 6,218 गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात 6,340. रक्कम 15,000 च्या आतली, त्यामुळे ऑटो-डेबिटला ओटीपीसुद्धा आला नाही. फोन केला तर म्हणे जुनं बिल असेल. मग नंबर ब्लॉक.

पुण्याच्या भाच्यानं खातं उघडलं. काहीच हललेलं नव्हतं. नॅट गेटवे, म्हणजे सर्व्हरला इंटरनेटकडे जायची वाट देणारी सेवा, रिकामा बसून तासावर पैसे खात होता. डेटाबेसला डिलीशन प्रोटेक्शन, म्हणजे चुकून काढला जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप; टूल खरं चालवलं असतं तरी तिथं अडलंच असतं. बकेटला, म्हणजे फाइल साठवायच्या जागेला, व्हर्जनिंग; फाइल काढली तरी जुनी आवृत्ती शिल्लक. सिंगापूर रीजनमधला (क्लाउड कंपनीच्या तिथल्या केंद्रातला) टेस्ट सर्व्हर तर त्याच्या यादीतच नव्हता. टूलचा लॉग म्हणजे पुरावा नव्हे, प्रत्येक रीजन स्वतः उघडून बघा. आणि त्याला दिलेली ॲडमिन की, म्हणजे खात्याची सगळी दारं उघडणारी किल्ली, अजून चालू होती! काम झालं की ती किल्ली त्याच दिवशी रद्द करा.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, “क्लाउड म्हणजे चोरीला नेमकं काय गेलं?” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318, जुनं 420, मोबाइलवर वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, काम नीट झालं नाही हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र शाई संपली होती बहुतेक. बँक म्हणते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, तुम्हीच दिलंय. क्लाउड कंपनी म्हणते खात्यातलं सामान बंद करणं ग्राहकाचं काम, तांत्रिक मदत हवी तर महिन्याचा प्लॅन घ्या. ज्याच्या खिशातून गेले तोच गुन्हेगार! बिलाची तक्रार फुकट नोंदवता येते, ती तेवढी नोंदवा. माझी अजून ‘विचाराधीन’ आहे.

परवा कळलं, हाच माणूस चोपड्याच्या एका जिनिंगवाल्यांना कोटेशन देऊन आलाय. या वेळी 12,000. तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना आजच फोन करा.