कोरड्या डोळ्यांसाठी थेंब की शेक?

डोळे कोरडे आहेत असं निदान झालं की बहुतेक जण दोन गोष्टी घेऊन घरी येतात. थेंबांची बाटली, आणि ‘पापण्यांना रोज गरम शेक द्या’ ही सूचना. बाटली त्याच संध्याकाळी उघडली जाते, शेक मात्र राहून जातो. माझंही तसंच झालं. सात-आठ महिने नुसत्या थेंबांवर काढले, मग शेकाकडे वळलो, आणि आता दोन वर्षं दोन्ही वापरून झाले आहेत. त्यामुळे कोणाला निवड करायची असेल तर माझा अनुभव उपयोगी पडावा. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी : तुमच्या डोळ्यांत पाणी कमी तयार होतंय, की तयार झालेलं पाणी लवकर उडून जातंय? दोन्हींना कोरडेपणाच म्हणतात आणि चुरचुरही सारखीच असते, पण उपाय वेगळे. माझी शिर्मर चाचणी ठीक आली होती. खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत चौदा मिलिमीटर ओली झाली. दहाच्या वर असेल तर सहसा काळजी नसते. पण पापणी न मिटता बसलं की डोळ्यावरचा ओला थर चार सेकंदांतच फाटायचा. तो निदान दहा सेकंद टिकायला हवा. म्हणजे पाणी होतं, त्यावरचं तेलाचं पांघरूण नव्हतं. वारा लागला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, आणि तरीही डोळे कोरडे कसे, हे कोडंही तेव्हाच सुटलं. चुरचुरीला उत्तर म्हणून आलेलं ते पाणी डोळ्यावर ठरतच नाही.

थेंबांच्या बाजूनं बोलायचं तर आराम लगेच मिळतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत असताना थेंब पडला की जो थंडावा वाटतो, त्याला तोड नाही. बाटली खिशात मावते, कुठेही वापरता येते, वेळ लागत नाही. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर मात्र प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बऱ्याच बाटल्यांत असणारं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार डोळ्यात गेलं तर तेच डोळ्याला त्रास देतं. मी एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांवर आलो तेव्हा थेंब घातल्याघातल्या होणारी झोंबरी आग थांबली.

पण माझी खरी अडचण निराळी होती. मी दिवसभर मुद्रितं तपासतो. काना, मात्रा, वेलांटी आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे अनुस्वार. पातळ थेंब घातला तर नजर लगेच साफ व्हायची, पण अर्ध्या तासात पुन्हा चुरचुर. म्हणून घट्ट थेंब घेतले. ते जास्त वेळ टिकायचे, पण घातल्यावर काही मिनिटं सगळ्या पानावर साय धरल्यासारखं व्हायचं. त्या सायीत ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांतला फरक दिसेनासा होतो. शिरोरेषेवरचा तो एक ठिपका आहे की नाही, हे बघायला मी पान उजेडाकडे तिरकं धरायचो, डोळे मिचकावायचो, पुन्हा बघायचो. दिवसातून आठ वेळा हे व्हायचं. ज्या नजरेसाठी औषध घ्यायचं तीच दर वेळी बाजूला ठेवून थांबायचं, हे मला सोसेना. दुसऱ्या कोणाला कदाचित यात काहीच वाटणार नाही. माझा निर्णय मात्र इथेच झाला.

त्याच सुमारास तपासणीत डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, माझी खालची पापणी कापसाच्या काडीनं दाबली आणि पडद्यावर दाखवली. पापणीच्या कडेला तेलग्रंथींची तोंडं ओळीनं असतात. खालच्या पापणीत वीस-तीस, वरच्या पापणीत त्याहून थोडी जास्त. त्यांतून खाद्यतेलासारखा पातळ, स्वच्छ थेंब यायला हवा. माझ्या बहुतेक तोंडांतून काहीच आलं नाही. दोन-तीन ठिकाणी पिवळसर पांढरी, टूथपेस्टसारखी घट्ट तार आली. ते पाहिल्यावर कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. थिजलेलं तेल वितळवायला ऊबच लागते, वरून पाणी घालून ते हलणार नाही.

शेकाच्या कटकटी खऱ्या आहेत, त्या लपवत नाही. सुमारे चाळीस अंशांची ऊब पाच ते दहा मिनिटं सलग मिळाली तर उपयोग. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो. मी तीन रुमाल आळीपाळीनं वापरले, कोपरापर्यंत पाणी ओघळायचं. शेवटी गरम करून डोळ्यांवर ठेवायचा मास्क घेतला, तेव्हा हे नियमानं व्हायला लागलं. मास्क आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. पापणीची कातडी फार पातळ असते, पोळू शकते. शेकानंतर बोटानं हलकेच मालिश : वरची पापणी खाली, खालची वर, दोन्ही वेळा पापण्यांच्या केसांच्या दिशेनं. बुबुळावर दाब द्यायचा नाही. त्यानंतर कडा पुसून घ्यायच्या. शेकानंतरही थोडा वेळ धूसर दिसतं, पण मी हे रात्री झोपताना करतो, तेव्हा कोणता अनुस्वार निसटणार?

फरक दिसायला वेळ लागतो. पहिले दोन आठवडे मला काही जाणवलं नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी लक्षात आलं की दुपारपासून कुपी उघडलेलीच नाही. आता दिवसाला दोन थेंब पुरतात, तेही पातळ. शेक चार-पाच दिवस चुकला तर सकाळी पापण्या जड होऊन सांगतात.

ओमेगा-३ च्या गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. मी घेतल्या, फरक पडला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतही त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब या कामाचे नाहीत. पडद्यासमोर आपण पापण्या कमी मिटतो आणि अर्धवट मिटतो, तेवढं जाणीवपूर्वक सुधारलं तर दोन्ही उपायांना मदत होते.

पाणीच कमी तयार होत असेल, तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर मात्र माझं म्हणणं बाजूला ठेवा. ते शोग्रेन आजाराचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराचं, लक्षण असू शकतं. तिथे थेंबच आधी येतात आणि कधीकधी सायक्लोस्पोरिनसारखी महिनोन्‌महिने घालायची औषधंही लागतात. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर अचानक कमी झाली असेल, तर थेंब-शेक यांत वेळ न घालवता तडक डॉक्टरांकडे जावं.

बाकीच्यांनी पुढच्या तपासणीत पापणी दाबून दाखवायला सांगावं. पातळ तेल सहज येत असेल तर तुमचं बहुधा थेंबांवर भागेल. काहीच येत नसेल किंवा माझ्यासारखी घट्ट तार येत असेल, तर कुप्या हाताशी असू द्या, पण त्याच रात्रीपासून शेक सुरू करा आणि महिनाभर तरी सोडू नका.