भाड्याची ‘फोर बाय फोर’ थार आणि जैसलमेरची वाळू: पैसे द्यायच्या आधी हे तपासा

महिंद्राच्या दोन थार गाड्या, तीन दिवस. जैसलमेरहून सम आणि पुढे खुडी या गावांच्या बाजूच्या वाळूच्या वाटा, असा आमचा बेत. जाहिरातीत दोन्ही गाड्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या होत्या, हातात तशी एकच आली. दुसरी टू व्हील ड्राइव्ह निघाली आणि धोऱ्याच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या, पायथ्याशी रुतली. ती ओढायला ट्रॅक्टरवाल्याने ७,००० रुपये घेतले. गाडी परत करताना ‘क्लच जळला’ म्हणून २०,००० रुपयांचं डिपॉझिट अडवून ठेवलं, वर आणखी १८,००० मागितले. ट्रॅक्टर कोणीही फोन न करता दहा मिनिटांत हजर झाला होता, आणि त्याचे पैसे ठरवले गाडीवाल्यानेच सोबत पाठवलेल्या वाटाड्याने. वाळू गाडीचं काय करते हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, यावरच हे सगळं चालतं. म्हणून तेवढंच इथे नीट लिहून ठेवत आहोत.

आधी गाडी. मागच्या चाकांवर चालणारी टू व्हील ड्राइव्ह थार जानेवारी २०२३ मध्ये आली. बाहेरून ती फोर बाय फोरसारखीच दिसते, फोटोवरून काही कळत नाही. आत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा आखूड दांडा हवा, त्यावर २एच (दोन चाकांना जोर), ४एच (चारही चाकांना), एन (न्यूट्रल), ४एल (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर) अशी खूण. टू व्हीलमध्ये त्या जागी सामान ठेवायचा खण असतो. ‘नव्या मॉडेलला दांडा नसतो, बटण असतं’ असं सांगून आम्हाला जे बटण दाखवलं, ते ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं होतं. आरसी बुक पाहिलं तर आणखी एक खूण सापडते. तीन दारांच्या डिझेल थारचं इंजिन १,४९७ सीसी असेल तर ती टू व्हीलच. फोर बाय फोर डिझेलचं २,१८४ सीसी असतं. पेट्रोल थारला आणि पाच दारांच्या थार रॉक्सला ही खूण लागू पडत नाही. तिथे मोबाइलचा दिवा घेऊन गाडीखाली वाकायचं. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) आणि त्याला जोडलेला शाफ्ट, म्हणजे जोर पोहोचवणारा फिरता दांडा, दिसला तरच गाडीची पुढची चाकं ओढणारी आहेत. रात्री साडेनऊला, हॉटेलमागच्या अंधाऱ्या बोळात गाडी आणून देतात ती हे कोणी पाहू नये म्हणून. ताबा सकाळीच घ्या.

दांडा आहे म्हणजे फोर बाय फोर चालतं, असंही नाही. गावाबाहेर मोकळ्या मातीवर गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, क्लच दाबून ४एल टाका आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश फिरवा. गाडी अडखळल्यासारखी, जड वळली पाहिजे, कारण पुढचा आणि मागचा शाफ्ट आता एकत्र बांधलेले असतात. लोण्यासारखी वळली तर पुढे जोर पोहोचतच नाही. ही चाचणी डांबरावर करू नका. तिथे चाकं घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. वाळूत एक जण बाहेर उभा राहिला तरी पुरतं. मागची चाकं वाळू उडवताहेत आणि पुढची स्वस्थ बसली आहेत, हे लांबून दिसतं.

क्लचची चाचणी तर ताबा घेण्याआधीच करायला हवी, कारण शेवटी बिल त्याचंच येतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० ते ५० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचे फेरे वर गेले आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच आधीच घसरतो आहे. अशी गाडी वाळूत नेली की तासाभरात जळका वास येणार आणि दोष चालवणाऱ्याच्या माथी मारला जाणार. हा प्रयोग करताना मीटर दिसेल असा व्हिडिओ काढून गाडीवाल्याला लगेच व्हॉट्सॲप करा. तो ‘ठीक आहे’ म्हणतो की गाडी बदलून देतो, यावरून माणूसही कळतो. जैसलमेरात नीट धंदा करणारे गाडीवाले आहेत, आणि ते या चाचणीला नाही म्हणत नाहीत.

नंबर प्लेट पाहायला विसरू नका. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी प्लेट म्हणजे कोणाची तरी घरची गाडी. घरगुती वापराच्या विम्यात गाडी भाड्याने देणं बसत नाही, त्यामुळे अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. करारनाम्यातली बारीक अक्षरंही वाचा. जाहिरातीत धोऱ्यांवर उडणारी थार आणि करारात ‘कच्च्या रस्त्यावर नेल्यास डिपॉझिट जप्त’, अशी जोडी आमच्या कागदावर होती.

आता हवा. वाळूत गाडी रुतण्याचं सगळ्यात मोठं कारण टायरमधली हवा. डांबरावर ३० ते ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) ठीक. वाळू लागली की १८ वर आणायची, मऊ धोऱ्यांत १५. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबीवर टेकतो, वजन पसरतं आणि चाक वाळू खणण्याऐवजी वर तरंगतं. १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निघू शकतो. वाटाड्याने नेमकी हीच भीती घालून ३२ ची हवा तशीच ठेवायला लावली. वाटाड्या हवा सोडू देत नसेल तर त्याच्यासोबत पुढे जाऊ नका, इतकं हे स्पष्ट लक्षण आहे. स्वतःचा गेज (हवा मोजायला) आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर (हवा भरायला) घरून न्या. कंप्रेसर चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवला तर फ्यूज उडू शकतो. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर वेगात टायरची बाजू तापून फुटते. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाजूला चिरा पडलेल्या जुन्या टायरची हवा कमी करणं धोक्याचं.

वेळ आणि वाटही वाटाड्यानेच निवडली होती. सकाळी थंड वाळू घट्ट बसलेली असते, दुपारी तापून सैल होते. धोऱ्याची वारा लागणारी बाजू टणक, आडोशाची बाजू भुसभुशीत. दुपारी दोनला, भरल्या टायरांनी, आडोशाच्या बाजूच्या पायथ्याशी टू व्हील गाडी नेली तर ती रुतणारच. चालवणारा कितीही तरबेज असो.

रुतल्यावर ट्रॅक्टर लागतोच, असं मुळीच नाही. गाडी पुढे सरकायची थांबली त्याच क्षणी पाय उचला. चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते. हवा १५ वर आणा. फावड्याने चारही चाकांच्या समोरची आणि डिफरन्शियलखालची वाळू काढा, मग ज्या चाकोरीने आलात त्याच चाकोरीने हळूच मागे घ्या. दोन फावडी, दोन रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली पकडीसाठी घालायच्या खाचांच्या पट्ट्या) आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड प्लायवूडची फळी एवढं सामान गाडीत असलं की बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात सुटका होते. ओढून घ्यायचीच वेळ आली तर दोर कंपनीच्या टो हुकालाच बांधू द्या. आमच्याकडे स्टीलची तार पुढच्या टाय रॉडला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याला बांधली गेली, तो वाकला आणि बिलात ‘सस्पेन्शन’ म्हणून लागला. तार तुटली तर चाबकासारखी फिरते, माणूस मारू शकते. दोर ताणताना सगळ्यांनी त्याच्या दुप्पट लांबीइतकं दूर उभं राहावं.

‘परमिट’चे पैसे वाटाड्याच्या हातात देऊ नका. सम-खुडीच्या आसपासचा मोठा पट्टा मरू राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे माळढोक राहतात. परवानगी वन विभागाच्या कार्यालयातून, पावतीवर. ती धोऱ्यांवर हवी तशी गाडी पळवायची परवानगी नसते.

गाडी परत करताना क्लचचे पैसे मागितले तर जुनी क्लच प्लेट आणि वर्कशॉपचं जीएसटी बिल मागा. आम्हाला दोन्ही मिळालं नाही. ॲडव्हान्स घेऊन माणूस गायबच झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. डिपॉझिट अडवण्याचा वाद मात्र ग्राहक तक्रारीचा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग ई-जागृती या ऑनलाइन तक्रारीच्या पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. पुण्यातल्या माणसाला जैसलमेरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, आरसीचा फोटो आणि ताबा घेतानाचा व्हिडिओ, एवढं जोडा.