उद्यमबागेत तयार झालेले उंची बदलणारे अभ्यासाचे टेबल

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्यातून घरी बसून शिकणाऱ्या मुलांसाठी बनवलेले हे लोखंडी टेबल आम्ही घेतले, त्याचा हा अभिप्राय आहे. आमची मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) असून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे वर्ग लॅपटॉपवर करते आणि सातवीतल्या मुलाची संध्याकाळची शिकवणीही ऑनलाइनच चालते. पलंगावर पालथे पडून किंवा भिंतीला उशी लावून शिकण्याची सवय जडल्यापासून दोघांचीही मान आणि खांदे दुखू लागले होते. टेबलाची किंमत ५,२०० रुपये असून टेम्पोचे भाडे वेगळे द्यावे लागले.

बाजारातील तयार टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. प्रौढ माणसाला ते चालते, पण सातवीतल्या मुलाला त्यावर हात टेकण्यासाठी खांदे उचलून धरावे लागतात. तासभर असे बसल्यावर मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूंना सैल पडायला उसंत मिळत नाही, त्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि रात्री जी ठणक लागते तिचे मूळ पुष्कळदा येथेच असते. या टेबलाचे पाय एकात एक सरकणाऱ्या चौकोनी पाइपांचे आहेत आणि पिन काढून त्याची उंची ५८ ते ७६ सेंटिमीटरपर्यंत बदलता येते. कोपर काटकोनात येईल आणि खांदे सैल राहतील एवढी उंची ठेवल्यावर मुलाची खांदेदुखी खरोखरच कमी झाली.

अडचण अशी की पिना फार घट्ट बसतात. फळी उचलून धरायला एक आणि पिन काढायला दुसरा अशी दोन माणसे लागतात, त्यामुळे एकाच टेबलावर दोन मुले आलटूनपालटून बसणार असतील, तर रोज उंची बदलण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. आम्ही शेवटी टेबल मुलीच्या उंचीला कायम केले, मुलाच्या खुर्चीवर जाड बैठक घातली आणि त्याचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवला. पाय अधांतरी राहिले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात, हे विक्रेत्याने सांगायला हवे होते. सोबतचे माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत आहे. ते मुलांनीच आजीला वाचून दाखवले, पण त्यातही पायांविषयी अवाक्षर नाही.

फळी तिरकी करण्याची सोय पुस्तक वाचण्यासाठी उत्तम आहे. लॅपटॉपसाठी मात्र तिचा उपयोग नाही, कारण पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने हातांना सोयीचे होते तेव्हा मान वाकते आणि मान सरळ ठेवली की हात उचलावे लागतात. मान ताठ असताना तिच्यावर डोक्याचा भार सुमारे ५ किलो असतो, तर ६० अंश पुढे वाकल्यावर तो २७ किलोच्या आसपास जातो, असे गणित अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडले होते. तेव्हा लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणावी आणि कळफलक व माऊस वेगळे घ्यावेत. हा खर्च टेबलाच्या किमतीत धरूनच निर्णय करावा.

तिरक्या फळीवरून वस्तू घसरू नयेत म्हणून पुढे लावलेली लोखंडी पट्टी हा या टेबलाचा सर्वांत मोठा दोष आहे. तिची धार मनगटाच्या आतल्या बाजूला टोचते आणि भरपूर लिखाण करणाऱ्या मुलीचे मनगट त्यामुळे दुखू लागले. कारखान्यात सांगितल्यावर त्यांनी पट्टी घासून गोल करून दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत. जोडकाम मजबूत आहे आणि पावसाळ्याच्या दमट हवेतही गंज चढलेला नाही. प्लायवूडची कड मात्र थोडी फुगली आहे.

‘पाठदुखी कायमची जाते’ हा विक्रेत्याचा दावा मला मान्य नाही. कितीही चांगल्या टेबलावर सलग दोन तास बसले तर पाठ धरणारच, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठून चालणे आम्ही सक्तीचे केले आहे. बोटे बधिर होणे, सांध्याला सूज येणे किंवा दुखण्याने रात्री जाग येणे असे काही असेल, तर टेबल पाहण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

एका मुलासाठी हे टेबल जरूर घ्यावे. मागणी नोंदवताना मुलाच्या बसल्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून न्यावी, पुढची पट्टी गोल करून मागावी आणि पिना तेल घालून सैल करून घ्याव्यात.