फेअरएकरची शाळा: नऊ महिने वाचल्यावर

पुस्तक फुटलं म्हणून लिहायला बसले. मिस रीड या इंग्रज लेखिकेच्या, फेअरएकर गावच्या शाळेवरच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांचा एकत्र खंड, जुनी प्रत, 480 रुपये आणि वर टपालाचे 90. नवव्या महिन्यात कणा मधोमध तडकला आणि 'व्हिलेज डायरी'ची पानं सुटून हातात आली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर "वापरलेल्या पुस्तकाला हमी नसते" एवढंच उत्तर. विकताना मात्र 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. मला हे अजिबात पटलेलं नाही. शेवटी बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घेतलं, 160 रुपये. एकूण 730. कादंबरीवर एवढे पैसे मी आजवर घातले नव्हते.

पहिल्या महिन्यातलं माझं मत साधं होतं: गोड आहे, झोपण्याआधी बरं. इंग्लंडातलं खेडं, चर्च, फुलं, कुणाचं फार वाईट होत नाही. मुलीला तसं कळवलंही. ते मत मी मागे घेते, आणि कारण आहे ती शेगडी.

वाचलेल्यांना मिसेस प्रिंगल आठवत असतील. शाळेची झाडलोट करणारी बाई. तिने काळ्या पॉलिशने घासून घासून लख्ख केलेल्या वर्गातल्या शेगड्या. त्या पेटवायच्या म्हणजे राख आली, कोळशाची धूळ आली, म्हणून मुलं कुडकुडली तरी चालतील पण शेगडी थंड राहावी असा तिचा बाणा. मुख्याध्यापिकेने पेटवायला सांगितलं की तिचा दुखरा पाय लगेच उसळतो. लोक याला गंमत म्हणतात. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत काढली आहेत. आमच्याकडे शेगडीच्या जागी खिचडीची चूल होती. ओलं सरपण, वर्गात शिरणारा धूर, आणि मावशींची कंबर नेमकी कधी धरेल याचा अंदाज घेत मी सकाळी बोलणं सुरू करायची. मावशी रुसल्या तर साठ मुलं दुपारी उपाशी, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. त्या पानांवर मुख्याध्यापिका शब्द जपून वापरते, एक पाऊल मागे घेते, पण शेगडी पेटवून घेतेच. हे ज्याने स्वतः केलं नाही त्याला लिहिता येणार नाही. डोरा सेंट, म्हणजे मिस रीड, स्वतः शिक्षिका होत्या, ते तिथे दिसतं.

मग मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. 'व्हिलेज स्कूल' 1955चं. शाळेच्या वर्षाप्रमाणे तीन सत्रांत विभागलेलं. दोन खोल्या: एकीत लहान मुलं, दुसरीत मोठी. आमच्याकडे दुसरी खोली 1987च्या खडू-फळा योजनेनंतर आली, तोवर चारही इयत्ता एकाच फळ्याकडे तोंड करून बसायच्या. त्यामुळे मिस क्लेअर लहानग्यांची खोली सांभाळताना पाहिली की मला त्या खोलीचा आवाज ऐकू येतो. पुस्तकातली जॉन गुडॉल यांची रेखाचित्रंही याच जातीची, थोडक्या रेषांची.

जोसेफ कॉग्सबद्दल माझं मत दोनदा बदललं. दारुड्या बापाचं, पडक्या घरातलं पोर, शाळेच्या जेवणावर मनापासून तुटून पडणारं. आधी वाटलं, लेखिकेने गरिबीही साजरी करून टाकली. मग 1995 आठवलं. तेव्हा शाळेतल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तोही 80 टक्के हजेरी असली तर. तापात अंगावर गोधडी घेऊन शाळेत येऊन बसलेला मुलगा मी पाहिला आहे. जोसेफ ताटाकडे बघतो तेव्हा शिक्षिका त्याच्याकडे बघत असते. एवढंच ती लिहिते, पुढे बोलत नाही, आणि मला ते पुरतं. तक्रार उरते ती वेगळी: कॉग्सचं घर तसं का, हे गावात कुणी कधी विचारत नाही. 'बनगरवाडी'ही त्याच 1955ची. तिथला मास्तर गावाची उपासमार डोळ्यांदेखत बघतो. मिस रीड त्या दाराशी येऊन थांबते. म्हणून एक तारा कमी.

तिसरी कादंबरी, गावाशेजारी वसाहत उठण्याची, मला लांबली असं वाटलं.

खंड संपल्यावर 'व्हिलेज अफेअर्स' (1977) फोनवर वाचायला घेतली. त्यात पट घटतो आणि शाळा बंद होणार अशी कुणकुण लागते. तिथे मी आठ दिवस थांबले. 2023मध्ये आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं, तेव्हा माझ्या शाळेचा पट सतरा होता. निवृत्त होऊनही मी रोज फोन करून विचारायची, नवीन कुणी आलं का. त्या कादंबरीतली बाई तशीच मुलं मोजते. कुणाचं कुटुंब गाव सोडून चाललं हे आधी ऐकते आणि मग पट आठवते. शेवट सांगत नाही, वाचायचा आहे तुम्हाला.

घेणार असाल तर डिंकाने चिकटवलेला जाड खंड घेऊ नका. सुटी पुस्तकं घ्या, महाग पडली तरी. माझी शिवलेली प्रत आता माझ्या जागी आलेल्या बाईंकडे आहे. शेगडीच्या पानात मी खडूच्या खोक्याचा तुकडा घालून दिलाय.