साबुदाणा खिचडी की कांदेपोहे? पोटात गेल्यावर काय होतं

दोन्ही कार्बच, त्यामुळे लोक म्हणतात काय फरक पडतो, पण पडतो. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदातला स्टार्च, बाकी सगळं धुवून काढलेलं, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळपास ८७-८८ ग्रॅम कार्ब आणि प्रोटीन नावालासुद्धा नाही. पोहे तांदळाचेच, तेही कार्बच जास्त (७५ च्या आसपास), पण ६-७ ग्रॅम प्रोटीन तरी मिळतं.

पचायची पद्धत दोघांची सेमच. तोंडातल्या लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला सुरुवात करतं, पोटातल्या ॲसिडमुळे ते थंडावतं, मग लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज उरलेलं काम करतं आणि शेवटी ग्लुकोज होऊन रक्तात जातं, की इन्सुलिन आलंच. दोघांतही फायबर कमी, त्यामुळे नुसते खाल्ले तर शुगर पटकन वर जाते.

खिचडीला खरं तर दाण्याचं कूट वाचवतं बरं का! त्यातलं फॅट आणि प्रोटीन पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं, म्हणून कूट घालताना हात आखडू नका. (तूप आणि बटाटा मात्र कॅलरी वाढवतात, उपवास म्हणून वजन कमी होईल ही आशा सोडा.) पोह्यांत शेंगदाणे, मटार घातले आणि लिंबू पिळलं की अजून चांगलं, लिंबातल्या सी व्हिटॅमिनमुळे लोहही नीट शोषलं जातं.

रोजच्या नाश्त्याला मी पोहेच करते, खिचडी एकादशीला.