एअर रायफलला कस्टम माऊंट करून घेणार असाल तर आधी हे वाचा

लई दिवस लिहू का नको करत होतो, पण मला फसवलेल्या त्याच माऊंटवाल्याकडं अजून एकजण गेलाय कळलं आणि राहवलं नाही. २०२४ ला आपल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं आणि मलाबी खूळ लागलं, स्प्रिंगवाली .१७७ (४.५ एमएम छर्र्याची) एअर रायफल घेतली. वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) पाहिजेच म्हणून हट्ट (ऑलिंपिकच्या मॅचमधल्या रायफलला स्कोप नसतोच, पीप साईट म्हणजे बारीक भोकातनं बघायची साईट असते, हे शहाणपण नंतर आलं). रेडिमेड माऊंट (स्कोप धरणारी पकड) रायफलच्या वरच्या रेलवर नीट बसेना, ह्या तिरप्या कडांच्या रेलला ११ एमएम डवटेल म्हणतात खरं पण कंपनीगणिक रुंदी आणि कोन जरा जरा बदलतोय.

ओळखीतनं कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एकजण सापडला. मोबाईलवर एकापेक्षा एक फोटो, "७०७५ ॲल्युमिनियम, सीएनसी, ॲनोडाईज करून देतो, काळजीच करू नका साहेब" (७०७५ म्हणजे भारी मजबूत ॲल्युमिनियम, ॲनोडाईज म्हणजे त्यावर चढवायचा टिकाऊ थर). साडेचार हजार ठरले, साडेतीन ॲडव्हान्स, पावती नाही. हितंच चुकलं. मग आज लाईट नाही, उद्या टूल तुटलंय, जोतिबाची यात्रा हाय, असं करत दीड महिना घालवला आणि वर म्हणाला रायफलच ठेवून जावा, फिटिंग करूनच देतो. ठेवली की मी!

माऊंट दिसायला काळं कुळकुळीत. दहा-बारा शॉटमध्ये स्कोप मागं सरकला. स्प्रिंगच्या रायफलचा दणका दुहेरी असतोय, आधी मागं, मग पिस्टन आपटला की पुढं, आणि ह्या माऊंटचा कोन रेलशी जुळतच नव्हता, नुसत्या कडेवर धरलेलं. शिरोलीला फौंड्रीत असलेल्या दोस्तानं कानस मारून बघितली आणि हसायलाच लागला, "लेका ही ओतलेली कास्टिंग हाय, ब्लो होल बघ, हवेची भोकं, वरनं स्प्रे मारलाय." ७०७५ असलं तर बारमधनं किंवा प्लेटमधनं कापतात, ओततात कुठं.

तक्रार केली तर म्हणतोय स्टॉप पिन टाकलीय, सरकणारच नाही. आता स्टॉप पिन म्हणजे माऊंट सरकू नये म्हणून घालायची खिट्टी, ती रेलवर कंपनीनं दिलेल्या भोकात बसवायची असते, माझ्या रेलला भोक नव्हतं म्हणून ह्यानं न विचारता ड्रिल मारलेलं, ते थेट आतल्या सिलेंडरपर्यंत! ड्रिलमुळं आतनं आलेल्या बरनं (धातूच्या धारदार कडेनं) पिस्टन सीलचा चोथा झाला, माऊंटपेक्षा जास्त खर्च त्यात. त्यामुळं रायफल सोडून येऊ नका, समोर उभं राहून माप घ्यायला लावा, आणि तुकडा रंगवायच्या आधी बघायला मागा.

पैसे मागितले तर फोन उचलत नाही. स्टेटस मात्र रोज टाकतोय, परवा तिथं माझीच रायफल, खाली "कस्टम वर्क, ऑर्डर सुरू".